लिंबाजी आबांचा दुसरा कोंडवाडा

लिंबाजी आबा कुणाच्याही घरात शिरले की आधी डोकी मोजायचे. चप्पल उंबऱ्याबाहेर, उजव्या हाताचं बोट हवेत, ओठ पुटपुटत. मग समाधानानं मान हलवायची किंवा भुवया उचलून विचारायचं, "चारच हायती. एक कुटं गेलं?" एकदा माझ्याकडे हळदीकुंकवाला चौदा बायका बसल्या होत्या. आबांनी दारातून चौदाच्या चौदा मोजल्या आणि मगच मागे वळले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, मी मात्र पार कानकोंडी झाले.

सवय नोकरीतली होती. आमच्या गावच्या कोंडवाड्यावर त्यांनी तीस-एक वर्षं काढली. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर लोक हाकत आणायचे, आबा ते आत घालायचे, पावती फाडायचे आणि मालक येऊन सोडवेपर्यंत त्याला वैरणपाणी करायचे. मी गावात बदलून आले तोवर कोंडवाड्याच्या भिंतीचे दगड लोकांनी आपापल्या गोठ्याला नेले होते आणि आत वेड्या बाभळी माजल्या होत्या. पण आबांच्या लेखी ते अजून ड्यूटीवर होते. रस्त्यात मोकाट गाय दिसली की त्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे जायचा. शेवटचं अर्धं उरलेलं पावतीबुक त्यांच्याकडेच राहिलं होतं. कुणी मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही.

गावात त्यांचं नाव निघायचं ते एका खोंडावरून. खोंड एका मोठ्या पुढाऱ्याचा होता आणि कुणा गरिबाच्या मक्यात सापडला होता. पुढाऱ्याचा माणूस मोटरसायकलवर आला आणि बसल्या बसल्याच म्हणाला, "सायेबाचा खोंड हाय, सोड."

आबा म्हणाले, "त्येच्या कपाळावर न्हाई लिवलेलं. सायेबाला येऊन वळखू द्या."

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले, दंड भरला, खोंड नेला. आणि त्याच संध्याकाळी खोंड दावं तोडून एकटाच परत आला आणि कोंडवाड्याच्या दारात उभा राहिला. पुन्हा नेला, पुन्हा आला. आबा त्याला हिरवं कडवळ घालायचे आणि गळ्याखाली खाजवायचे, ते त्याला मानवलं होतं. शेवटी साहेब भर चौकात म्हणाले, "लिंब्या, माझं जनावर फितवलंस बे!" हे वाक्य आबा मला दर महिन्याला एकदा तरी ऐकवायचे, आणि 'फितवलंस' म्हणताना छाती थोडी पुढे यायची.

आम्ही त्यांचे शेजारी. मध्ये एक सामाईक अंगण, इकडे आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, तिकडे आबांचं पत्र्याचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक मंदा नांदेडला नर्स. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवरा अंबाजोगाईला नोकरीला, सकाळी आठला गाडीला किक मारायचा तो दिवेलागणीला परत. आबा मला 'पोरी' म्हणायचे. रागावले की 'म्याडम'. त्यामुळे आज हवा कशी आहे हे मला पहिल्या शब्दालाच कळायचं.

आमची सई आठ महिन्यांची होईपर्यंत सगळं ठीक होतं. ठेवली तिथे बसायची. मग एका मंगळवारी मी डाळीला फोडणी दिली, मागे वळले तर सतरंजी रिकामी. खाटेखाली नाही, दाराआड नाही. मी वेड्यासारखी हाका मारत अंगणात आले तर समोरून आबा गंभीर चेहऱ्यानं येत होते. हातात पावती. मला देऊन ते हाताची घडी घालून उभे राहिले. मी वाचली:

'जनावराचा प्रकार : लेकरू, मादी. रंग : गव्हाळ. शिंगे : अद्याप नाहीत. खूण : डाव्या गालास काळी तीट. कोठे सापडले : भाकरीच्या टोपल्यात. दंड : एक कप चहा, साखर जास्त.'

मी हसू की रडू अशा अवस्थेत चहा ठेवला. सई त्यांच्या घरात अर्धी भाकरी चोखत बसली होती. अंगण पार करून ती गेली कधी, मला पत्ता नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यामुळे अंगणात टब, बादल्या, घंगाळ कायम काठोकाठ भरलेलं. रांगत्या लेकराला बुडायला विहीर लागत नाही हे मी शाळेत दुसऱ्यांच्या आयांना सांगत आले होते.

आणि माझी रजा संपत आली होती. शाळा उघडायला आठ दिवस. तलवाड्याला सासूबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "आवं, दोन म्हशी हायती. त्या कुनाच्या भरवशावर टाकू?" नात कुणाच्या भरवशावर टाकू, हा प्रश्न मी गिळून टाकला. मग गावातल्याच सुमनबाईंना विचारलं. बाई प्रेमळ, हाताला चव, पण गुडघे गेलेले. त्या स्पष्ट म्हणाल्या, "पळायचं काम मला न्हाई जमायचं म्याडम. एक तर लुगड्यानं खाटंच्या पायाला बांधते, आमी आमची अशीच वाढवली. न्हाईतर शहरात ते कटड्याचं असतं बगा, ते आना. त्येच्यात असंल लेकरू तर येते. न्हाईतर दुसरी बगा." खाटेच्या पायाला बांधायला माझं मन धजेना. राहिलं ते कटड्याचं. पुण्याच्या माझ्या बहिणीच्या माळ्यावर एक प्लेपेन पडून होतं. ते येईल तर सुमनबाई येतील, सुमनबाई येतील तर माझी नोकरी राहील. गणित इतकं सोपं होतं.

बहिणीनं ते ट्रॅव्हल्सनं घाटनांदूरच्या चौकात उतरवलं. आबा त्या दिवशी तिथल्याच बाजाराला गेले होते, मी त्यांनाच फोन करून आणायला सांगितलं. काळीपिवळी जीपच्या टपावरून ते आलं, आणि तिथून घरापर्यंत आबांनी ते डोक्यावर आणलं. काय आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चूक माझीच.

खोकं फोडल्यावर आबांना जो हुरूप आला तो मी विसरणार नाही. लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या प्लास्टिकच्या आठ जाळ्या, एकीला छोटं दार. मला सूचनांचा कागद उघडायला वेळ मिळेपर्यंत त्यांनी सहा जाळ्या एकमेकींत अडकवल्या होत्या. उंची वितीनं मोजली, जाळीतून हात घालून पाहिला, दार चार वेळा उघडलं आणि लावलं.

"कडी बाहीरून हाय. झकास," ते म्हणाले. "जाळी बारीक हाय, मुंडी अडकत न्हाई. कुनी तरी जानकारानं केलेलं दिसतंय. पर पोरी, येवढ्याशा मेथीला येवढं कावून? शेळी दुसऱ्या बाजूनं येती."

मागच्या दाराशी मी मेथीचा एक वाफा केला होता. आबांना वाटलं, त्याला कुंपण आणलं.

"मेथीला नाही आबा," मी म्हणाले. "सईला."

आबांनी कडीवरचा हात काढला. जाळ्यांकडे पाहिलं, सईकडे पाहिलं. ती त्यांचं धोतर धरून उभं राहायचा प्रयत्न करत होती. मग त्यांनी ज्या क्रमानं जाळ्या जोडल्या होत्या त्याच्या बरोबर उलट क्रमानं एकेक सोडवल्या, खोक्यात घातल्या, आणि खोक्याला वरून सुतळीसुद्धा बांधली.

"म्याडम," ते म्हणाले, "लेकराला कोंडायचं न्हाई."

"आबा, तुम्ही तीस वर्षं दुसरं काय केलंत?"

"म्हनूनच सांगतो."

मीही काही कमी तोंडाची नाही. मी म्हणाले, मग मी नोकरी सोडू का? सुमनबाईंचे गुडघे तुम्ही लावून देता का? आबा म्हणाले, ते मला ठाऊक न्हाई, पर ज्या घरात लेकरू कोंडलेलं असंल त्या घरात लिंबाजी पाय ठेवणार न्हाई. आणि गेले. अंगण ओलांडायला दहा पावलं लागायची, ती त्यांनी अशी टाकली की जणू अहमदपूरला चालत निघाले.

दुसऱ्या दिवशी मी सुतळी कापून अंगणात प्लेपेन उभं केलं. सई त्यात दोन मिनिटं खेळली आणि मग दोन्ही हातांनी जाळी धरून अशी रडली की शेजारच्या गल्लीतून बाई विचारायला आली, लेकराला काय चावलं का. सुमनबाईंनी खुळखुळा वाजवला, मी गाणी म्हटली. उपयोग शून्य. बाहेर काढली की हसायची, आणि टबाकडे निघायची. आत घातली की रडायची. चार दिवस आम्ही आत-बाहेर, आत-बाहेर हेच करत होतो.

आबा मात्र शब्दाचे पक्के. रोज सकाळी खाट दारात टाकून आमच्याकडे पाठ करून बसायचे. खोकला आला तरी भिंतीकडे तोंड करून. मला राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं. या गावात हक्कानं रागावणारं दुसरं माणूस मला नव्हतं. तिसऱ्या दिवशी मात्र माझ्या लक्षात आलं की आबांच्या दाराच्या चौकटीला दाढीचा आरसा लटकतोय. आधी तो आत असायचा. दाढी आठवड्यातून एकदा करणारा माणूस दिवसभर आरशासमोर कशाला बसेल? मी गंमत म्हणून सईला कडेवर घेऊन अंगणाच्या या टोकावरून त्या टोकाला गेले. आबांची मान आरशाबरोबर सरकत गेली.

चौथ्या दिवशी दुपारी मी सईला बाहेर काढून सतरंजीवर ठेवलं. सुमनबाई भाकरी थापत होत्या. कपडे वाळत घालायला मी दोरीकडे वळले, फार तर चार पिना लावल्या असतील. तेवढ्यात खाट उलटल्याचा आवाज आला. वळून पाहते तर सई टबाचा काठ धरून उभी, कमरेपर्यंत आत वाकलेली, आणि आबा, सत्तरी ओलांडलेले आबा, एका पायात चप्पल, अंगण तीन ढांगांत ओलांडून तिच्या झबल्याला धरलेले. तिचे केस तेवढे भिजले होते. ती हसत होती. आबा धापा टाकत टबाशेजारीच बसले आणि तिला छातीशी धरून बसूनच राहिले. हातातल्या पिना केव्हा खाली पडल्या कळलं नाही.

मग आबांनी सांगितलं. टबाकडे पाहतच सांगितलं, माझ्याकडे नाही.

मंदा लहान असताना तिची आई शेतावर रोजानं जायची. बांधावर साप निघाला तेव्हापासून आबांनी लेकीला कोंडवाड्यात ठेवायला सुरुवात केली. दगडी भिंत, लोखंडी दार, याहून जपून कुठे ठेवणार? "दिसभर मी असायचोच. पर एक दिस वैरन कमी पडली म्हनून बाहीरून कुलूप घालून गेलतो. म्हनलं, ह्यो गेलो आन् ह्यो आलो. तर गाडीच पंक्चर झाली. सांज झाली यायला. बगतो तर रडून रडून लेकरू वासराच्या अंगावर निजलेलं. गालावर सगळा शेणाचा हात." आबांनी सईचे ओले केस मागे सारले. "आजून इचारायची हिंमत न्हाई झाली तिला. मोटी झाली, नोकरीला लागली, पर मला तीच दिसती."

मला रडू आलं. मी आत जाऊन फोन आणला आणि सरळ मंदाताईला लावला. आवाज मोठा करून आबांच्या पुढे धरला. आबांनी आधी मला डोळे वटारले, मग फोनवर ओरडून जेवण झालं का ते विचारलं, पाऊसपाणी विचारलं, जावयाची साखर विचारली. मी कोपरानं ढोसल्यावर म्हणाले, "मंदे, तुला ल्हानपनी कोंडवाड्यात घालायचो. त्येचा राग हाय का गं मनात?"

पलीकडे मंदाताई खो खो हसायला लागली.

"कोंडवाड्यात? आवं आबा, मी शाळेत गेले तवा आठ दिस रडले, कावून म्हाईत हाय का? तिथं म्हशी न्हवत्या म्हनून! आन् तुमी काय मला एकटीला घालायचे का? तुमीच तर आत बसायचे. बीडी फुंकत."

"एक दिस कुलूप लावून गेलतो."

"गेला असताल. मला वासराचं अंग आठवतं. गरम होतं लई. आबा, तुमी इतकी वर्सं हे धरून बसलाव व्हय?"

आबांनी फोन माझ्या हातात दिला, उपरण्यानं नाक पुसलं, आणि सईला म्हणाले, "मावशी खुळी हाय."

निर्णय आबांनीच दिला, आणि तो कुणाच्या डोक्यात आला नसता असा होता. ते उठले, प्लेपेनचं दार उघडलं, धोतर सावरून आत गेले आणि दाराला पाठ लावून मांडी घालून बसले. "द्या आत," म्हणाले. सईला आत दिली. ती त्यांच्या मांडीवरून पायावर, पायावरून जाळीकडे, जाळीकडून पुन्हा मांडीवर अशी फेऱ्या मारायला लागली. रडण्याचा पत्ता नाही. कडी लावायची गरजच नव्हती, आबांच्या पाठीपुढे कडीची काय मातब्बरी. सुमनबाई पिठाच्या हातानं दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मंग मी कावून येऊ?" त्यांना सांगितलं, आता दोघांचा स्वयंपाक करायला.

शाळा उघडली, मी हजर झाले. दहा ते पाच आबा आत. वर्तमानपत्र, पाण्याचा तांब्या, पाय मोकळे करायला दर तासाला अंगणात एक चक्कर, तीही सईला कडेवर घेऊन. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक मुद्दाम आमच्या दारावरून जायला लागले. आबांचे एक जुने दोस्त दारातच थांबून म्हणाले, "काय बे लिंब्या, कुनाच्या वावरात शिरलतास?"

आबांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता उत्तर दिलं, "गप बे. पाचला मालकीन येती, मंग सोडतेत."

पहिल्या आठवड्यात मी मधल्या सुट्टीत पळत घरी यायची. दुसऱ्या आठवड्यात येईनाशी झाले. एकदा लवकर सुटले आणि हळूच डोकावले तर दोघंही आत झोपलेली. सईचा पाय आबांच्या तोंडावर, आणि आबांचा हात दाराच्या जाळीत अडकवलेला, झोपेतही. मी चपला हातात घेऊन आत गेले आणि चहा ठेवला.

सई चालायला लागली, मग पळायला लागली, आणि प्लेपेनचं काम कधीच संपलं. पण ते काढावं असं कुणी म्हणालं नाही. ती बाहेर हुंदडायची आणि आबा मात्र सवयीनं आत जाऊन बसायचे. तिथे त्यांचं वर्तमानपत्र फाटत नसे, एवढं कारण त्यांना पुरत होतं.

मागच्या थंडीत आबा गेले. मंदाताईचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, आणि पोरांपुढेच रडले. पण मला ते आजारी वगैरे दिसतच नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्या बदलीच्या दिवशी. गेवराईच्या बाजूला बदली झाली, सासूबाईंच्या जवळ, म्हणजे तक्रार करायला जागा नव्हती. टेम्पो दारात लागला. कपाट गेलं, खाट गेली, गॅसची टाकी गेली. सगळ्यात शेवटी अंगणात प्लेपेन तेवढं राहिलं, आणि आत आबा. सामानात मधे मधे नको म्हणून बसलोय, असं म्हणत होते.

"आबा, उठा आता. तेवढं घडी करायचंय," नवरा म्हणाला.

"उठतो, उठतो," आबा म्हणाले, आणि उठले नाहीत.

दोन वर्षांची सई टेम्पोकडून पळत आली. तिला वाटलं होतं आबाही टेम्पोत बसणार आहेत, आणि आत्ताच कुणीतरी तिला ते नाही म्हणून सांगितलं होतं. ती दारापाशी थांबली, आबांकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी दार ढकलून बाहेरून कडी लावली. मग पाठीनं दाराला टेकून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. ओठ घट्ट, हात पसरलेले.

"आबा नाही जाणार," ती म्हणाली. जात आम्ही होतो, हे तिला कोण समजावणार.

आबांनी जाळीतून बोट घालून तिच्या झबल्याची मागची नाडी धरली. हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला त्यांनी दुसरा हातही उचलला नाही. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मी कडी काढायला पुढे झाले, आणि तशीच थांबले. नवऱ्याला म्हटलं, टेम्पोवाल्याला सांग, पाच मिनिटं थांब म्हणावं.